तोंडात खिळे असताना

सकाळी आठला आग्रीपाड्याच्या तबेल्यात
दस्तगीरचाचा आधी घोडीशी बोलतो, मग माझ्याशी.
माझ्याशी म्हणजे एकच शब्द,
"धर."

मी धरतो. पुढचा डावा पाय, मांड्यांच्या चिमट्यात,
पाठ उलट्या छत्रीसारखी वाकलेली.
आणि ही लग्नातली पांढरी मोतिया,
काल रात्री तीन वराती करून आलेली,
अर्धं अंग माझ्यावर टाकून खुशाल डुलकी काढते.
तिच्या आयाळीत अजून झेंडूची एक पाकळी आहे,
कानामागे चमकी.
कुणी अंगावर रेललं की माया, असं माझी आई म्हणते.
आईने घोडा धरलेला नाही.

जुनी नाल निघताना पक्कड कण्हते.
पेव्हर ब्लॉकवर, काँक्रीटवर, बँडच्या मागे
चार-चार तास जागच्या जागी नाचून
लोखंडाचा पापड झालाय.
मग रापी. खुराच्या चकत्या पडतात,
खोबऱ्याच्या कातळीसारख्या,
तबेल्यातलं लंगडं कुत्रं एक उचलतं
आणि चोरल्यासारखं पळतं. कोणी अडवत नाही.

चाचाच्या ओठांत सात खिळे.
"तोंडात खिळे असले की शिवी देता येत नाही,"
हे त्यानं एकदा चहा पिताना सांगितलं होतं,
"म्हणून मिरजेपासून इथपर्यंत
नालबंद माणूस सभ्य."

खिळा हाताने ठोकतात असं बघणाऱ्याला वाटतं.
खिळा कानाने ठोकायचा.
कडक भागातून जाताना तो टणटणीत बोलतो,
वाट सोडून जिवंत मांसाकडे वळला
की आवाज ओला होतो.
सुताचा फरक.
पलीकडे टॉवरचा पाया खणणारं मशीन
धाडधाड करू लागलं की
चाचाचा हातोडा हवेत थांबतो.
मशीन दम खाईपर्यंत तो थांबतो,
मी पाय घेऊन थांबतो,
घामाची धार कण्यावरून पट्ट्यापर्यंत जाते
आणि तिथे थांबते.

माझ्या हातून एकदा आवाज ओला झाला होता.
शिंगरू ओरडलं नाही, नुसतं थरथरलं,
जसं झोपेत माणूस.
चाचानं खिळा उपसला, आयोडीन ओतलं,
आणि त्या खुरावर कपाळ टेकवलं.
मला काही बोलला नाही.
एकोणीस दिवस मी फक्त लीद उचलली.

आज पाचव्या खिळ्याला एक गाडी थांबली.
काच खाली. अंगठ्यांचा हात बाहेर.
"ती जुनी नाल, काळ्या घोड्याची आहे का?
शनीसाठी हवीय. दारावर."
चाचानं मोतियाकडे पाहिलं,
दुधासारखी पांढरी, उन्हात उभी,
आणि तोंडात उरलेल्या दोन खिळ्यांमागून म्हणाला,
"हं."

अकराशे.
चारी पायांचे मालक सातशे देतो,
त्यातले तीनशे पुढच्या मुहूर्तावर.

गाडी गेली. शेवटचे दोन्ही खिळे बसले,
टोकं मुरगळली, कानस फिरली.
चाचानं नोटा टोपीत कोंबल्या, माझ्याकडे न बघता म्हणाला,
"खोटं मी बोललो नाय. खिळे बोलले."
मी हसलो तर बरगडीत कळ आली.

पाय खाली.
मोतिया जागी झाली, नव्या लोखंडावर भार टाकून पाहिला,
उचलला, परत टाकला.
चाचा डोळे मिटून ऐकत होता.

माझी बोटं अजून तिच्या पायाच्या आकारात,
उघडायला सांगितलं तरी उघडत नव्हती.
चाचानं डबीतून सात खिळे मोजले,
ओठांत ठेवले,
आणि उजव्या पायाकडे हनुवटी केली.

या वेळी शब्दही नाही.
मी धरतो.